आई, आकडे आणि ठोकळ्यांचा खेळ

दिवाळी आमच्या घरात कधी साजरी झाली नाही. पण दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्यासाठी फार महत्त्वाचे असत. औंधच्या सोसायट्यांमध्ये साफसफाई निघे, माळे रिकामे होत आणि एरवी दोन महिन्यांत मिळणार नाही एवढे भंगार त्या पंधरवड्यात बाहेर पडे. आई पहाटे पाचला पोते खांद्यावर टाकून बोपोडीतून निघायची. १९९५ साली अशाच एका दिवशी तिच्या पोत्यातून पिवळट पडलेला एक प्लॅस्टिकचा डबा घरी आला. त्याला वायरीने जोडलेले दोन रिमोट होते, एकाचे बटण निघालेले. वरच्या खाचेत एक कॅसेट अडकून बसली होती. गाण्याची नव्हे, व्हिडिओ गेमची.

भंगारात त्याची किंमत प्लॅस्टिकच्या वजनाएवढी. आई तो दगडाने फोडून आतली तांब्याची तार वेगळी काढणार, एवढ्यात दादाने तिचा हात धरला. दादा तेव्हा औंधच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड करत होता आणि उघडता येईल अशी कोणतीही वस्तू त्याला उघडल्याशिवाय चैन पडत नसे. रविवारी तो जुन्या बाजारात गेला, कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरचा ॲडॉप्टर घेऊन आला, दोन ठिकाणी डाग दिला, आणि डब्याची वायर आमच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खोचली. चॅनेलचे बटण फिरवता फिरवता मुंग्यांमधून एकदम खेळांची यादी वर आली. अर्धी वस्ती दारात जमा झाली होती.

ते यंत्र काय होते हे आता कळते. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे टीव्हीला जोडायचे खेळयंत्र काढले. त्याच्या नकला पुढे जगभर झाल्या. भारतात लिटल मास्टरसारख्या नावांनी त्या विकल्या गेल्या. अस्सल यंत्र आमच्यासारख्यांच्या दारापर्यंत कधी आलेच नाही. आली ती नक्कल, आणि तीही दुसऱ्याच्या माळ्यावरून उतरून. एकेका कॅसेटमध्ये चाळीस-चाळीस, साठ-साठ खेळ कोंबलेले असत. कॅसेट चालली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि परत लावायची. फुंकरीने खरोखर काही होत नसते, काढून घातल्यामुळे जोड नीट बसतो, असे दादा आज सांगतो. पण त्या काळी आमच्या वस्तीत फुंकर मारणाऱ्या पोराचा मान वेगळाच होता.

पोरांना मारिओ आणि बंदुकीचा कॉन्ट्रा हवा असे. आईला ते दोन्ही आवडले नाहीत. "नुसती पळापळ हाय," ती म्हणायची. ती संध्याकाळी दारात बसून दिवसभराचे भंगार निवडायची: पुठ्ठा एकीकडे, कागद एकीकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, काच वेगळी, पत्रा वेगळा. हात कामात आणि डोळे टीव्हीकडे. एकदा दादाने यादीतला टेट्रिस लावला. वरून एकेक आकाराचा ठोकळा खाली येतो, तो फिरवून खालच्या ठोकळ्यांत बसवायचा, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. भरली नाही की ढीग वाढत जातो आणि वरपर्यंत पोहोचला की खेळ संपतो. दादाचा ढीग अर्ध्यावर आला होता, तेव्हा मागून आईचा आवाज आला, "अरं, ते आडवं कर की! तिथं बसतंय ते."

दादाने चिडून रिमोट तिच्या हातात दिला. आईने पदराला हात पुसले आणि बसली. सुरुवातीला तिची बोटे बटणावर घसरत. आमच्या कॅसेटमधली आवृत्ती १९८८ ची जपानी होती. तिच्यात खालची कळ दाबली की ठोकळा फिरे आणि उजवीकडचे बटण दाबले की धाडकन खाली पडे. आठवड्याभरात आईची बोटे बसली आणि महिन्याभरात वस्तीतली पोरे तिच्या मागे बसून बघायला लागली.

या खेळात सातच आकार आहेत. चार चौकोन एकमेकांना जोडून जेवढे वेगळे आकार होतात तेवढे सात. आईने त्यांना नावे ठेवली होती. लांब तुकडा म्हणजे 'काठी'. चौकोन म्हणजे 'पाट'. मध्ये टोक आलेला म्हणजे 'खुंटी'. काटकोनातले दोघे 'डावा पाय' आणि 'उजवा पाय'. आणि ते दोन नागमोडी तुकडे, ज्यांनी आजवर जगातल्या सगळ्या खेळणाऱ्यांना रडवले आहे, त्यांना ती 'जावा-जावा' म्हणायची. एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे, आणि शेजारी ठेवल्या की मध्ये फट राहणारच. शेजारच्या बायका हसून लोटपोट व्हायच्या. कृष्णधवल टीव्हीवर रंग नव्हते, म्हणून आई आकारच बघायची. तसेही दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, सायकल, पाण्याचे दोन पिंप आणि पावसाळ्यात भिजू नये म्हणून आत घेतलेली पोती बसवणारी बाई ती. फटीत काय मावेल हे तिला शिकवावे लागले नाही.

एक गोष्ट मात्र तिला पटत नव्हती. हुशार खेळणारे एका बाजूचा उभा पट्टा मोकळा ठेवतात, बाकीच्या चार ओळी भरत आणतात आणि काठीची वाट बघतात. काठी आली की ती त्या फटीत सोडायची. चारी ओळी एकदम उडतात. निन्टेंडोच्या १९८९ च्या आवृत्तीचा हिशोब असा, की सुरुवातीच्या पातळीला एक ओळ उडवली तर ४० गुण आणि चार ओळी एकदम उडवल्या तर १२००. म्हणजे चार ओळी एकेक करून उडवणाऱ्याला १६० आणि थांबून एकदम उडवणाऱ्याला त्याच्या साडेसात पट. आमच्या कॅसेटमध्येही थांबणाऱ्यालाच जास्त मिळे. दादा थांबायचा. आई थांबत नसे. ओळ भरली की उडवली. "काठी येईल कशावरनं? आलेलं हातचं सोडून बसायचं का?"

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मला ते आईचे अडाणीपण वाटायचे. पुढे मीच कामाला लागले, तेव्हा त्यातला अर्थ उलगडला. आईच्या धंद्यातही थांबणाऱ्यालाच जास्त मिळते. पुठ्ठ्याचा भाव पडला की साठवून ठेवावा, चढला की विकावा. पण साठवायला जागा लागते आणि तोवर चूल पेटायला पैसा लागतो. शिवाय भंगारवाल्याकडून उचल घेतलेली असली, की माल रोजच्या रोज त्याच्याच काट्यावर न्यावा लागतो, मग भाव काहीही असो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या माझ्या आईवडिलांना काठीची वाट बघायची सवय लागावी अशी परिस्थितीच नव्हती. वडील पिंपरीला एका कंपनीत हेल्पर होते, त्यांचा पगार येईपर्यंत आईच्या रोजच्या काट्यावरच घर चाले.

आता हा खेळ कुणी काढला तेही सांगते, कारण ते आईला सांगितले तेव्हा तिला फार नवल वाटले. अलेक्सी पाजितनोव्ह नावाचा रशियन माणूस. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात सरकारी नोकर. लहानपणी पाच-पाच चौकोनांच्या लाकडी तुकड्यांचे एक कोडे तो खेळायचा. त्यावरून त्याला १९८४ साली ही कल्पना सुचली. त्याच्याकडे असलेल्या 'इलेक्ट्रोनिका ६०' या संगणकाला चित्र काढताच येत नव्हते, म्हणून त्याने ठोकळे चौकटी कंसांचे केले. खेळ रशियाभर पसरला, मग हंगेरीमार्गे बाहेर गेला, १९८९ साली जपानी कंपनीच्या हातातल्या छोट्या यंत्रावर चढला आणि कोट्यवधी घरांत पोहोचला. या सगळ्यात करणाऱ्याला काय मिळाले? सोव्हिएत कायद्याप्रमाणे हक्क सरकारी संस्थेकडे होते. त्याच्या हाती मानधन यायला १९९६ साल उजाडले.

"म्हणजे राबला त्यो आन् खाल्लं दुसऱ्यांनीच," आई म्हणाली. "हितंबी तसंच हाय म्हणा की."

वस्तीत सगळ्यांनाच हे आवडत होते असे नाही. विहारात वंदना घेणारे एक वृद्ध गृहस्थ होते. आयुष्यभर दारूच्या विरोधात उभे राहिलेला सच्चा माणूस; त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. एका गुरुवारी, वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी, ते मुद्दाम घरी आले. आई खेळत होती. ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "बाई, बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला. तुम्ही पोरांपुढे काय आदर्श ठेवताय? तथागतांनीसुद्धा खेळ वर्ज्य सांगितलेत."

वडील गप्प. आईने खेळ थांबवला नाही. तिला थांबवायचे बटण माहीतच नव्हते. ती टीव्हीकडे बघतच म्हणाली, "बाबा, पहाटं पाचपासनं उभी हाय मी. ही एवढी चार बोटं बसून हलवतीया, तेवढीच."

त्यांचा शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिला. पुढे कॉलेजात असताना आणि नंतरही मी शोधले. तथागतांनी खेळ वर्ज्य सांगितले हे खरे आहे. दीघ निकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल. त्यात श्रमणाने ज्या करमणुकींपासून दूर राहायचे त्यांची लांबलचक यादी आहे. तिच्यात अट्ठपद आणि दसपद, म्हणजे आठ घरांचा आणि दहा घरांचा पट, यांचीही नावे आहेत. मला गंमत वाटली, कारण टेट्रिसचा पटही बरोबर दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच असतो. पण ती यादी संसार सोडलेल्यांसाठी आहे. गृहस्थाला काय सांगितले ते सिगालोवाद सुत्तात बघावे. राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागत जुगाराचे सहा तोटे सांगतात: जिंकणाऱ्याला वैर मिळते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, असलेला पैसा जातो, चारचौघांत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि सोयरीक जुळत नाही. हे सगळे तोटे पैसे लावण्याचे आहेत. दिवसभर भंगार वेचून आलेल्या बाईने अर्धा तास ठोकळे बसवले, तर यातला एकही तोटा तिला लागू होत नाही.

बाबासाहेबांबद्दल तर आणखी सरळ पुरावा सापडला. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात गांधीवादावर एक प्रकरण आहे. यंत्रे नकोत, जुनी साधी राहणी बरी, या विचाराला तिथे त्यांनी उत्तर दिले आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: माणूस आणि पशू यांत फरक आहे तो संस्कृतीचा. पोटासाठीच सगळा दिवस गेला तर संस्कृती येणार कुठून? तिला फुरसत लागते, आणि श्रम करणाऱ्याला फुरसत मिळायची तर यंत्र लागते. यंत्रामुळे जे वाईट झाले त्याचा दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. हे त्यांनी नुसते लिहिले नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची आहे. अठरा तास अभ्यास करणाऱ्या बाबासाहेबांचे फोटो आपण घरोघर लावतो. मजुराच्या फुरसतीसाठी भांडणारे बाबासाहेब आपल्या भाषणांत फार कमी येतात, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या वडिलांना कंपनीत त्या ४८ तासांचा लाभ झाला. आईला नाही, पोते घेऊन फिरणाऱ्या बाईच्या तासांना कुठलाच कायदा लागू नव्हता. तिची फुरसत तिनेच काढली, रात्री साडेआठ ते नऊ.

त्या अर्ध्या तासात घडले ते असे. पडद्याच्या कडेला गुणांचे आकडे पळत असत. आईला मोजता येत होते, नोटा रंगावरून आणि आकारावरून ओळखता येत होत्या. पण लिहिलेला आकडा वाचता येत नव्हता. दर डावाला ती विचारायची, "किती झालं?" आम्ही सांगून सांगून कंटाळलो. शेवटी दादाने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कोळशाने शून्यापासून नऊपर्यंत इंग्रजी आकडे काढून टीव्हीशेजारी खिळ्याला टांगले. आईने ते अक्षर म्हणून नाही, आकार म्हणून घेतले. आठ म्हणजे घागरीवर तांब्या. सात म्हणजे वाकड्या मुठीची काठी. आणि सहा-नऊचा तर तिने लगेच उलगडा केला: "ह्यो एकच तुकडा हाय. फिरवला की सहा, परत फिरवला की नऊ." मग ती पाच आकड्यांची संख्या वाचायला लागली, आधी एकेक आकडा सुटा, मग हजार-शेकडा लावून. आजचा डाव कालच्यापेक्षा वरचा की खालचा हे कळण्याची ओढ एवढी, की दोन महिन्यांत पुठ्ठ्याची गरज संपली. पीएमटीच्या बसचे नंबर ती स्वतः वाचू लागली. आधी ती कंडक्टरला विचारायची, आणि पोते बघून कंडक्टर बहुतेक वेळा उत्तरच द्यायचे नाहीत.

मग एका दिवशी मी तिच्याबरोबर भंगारच्या दुकानात गेले होते. दुकान कुठले, कुणाचे, याला इथे महत्त्व नाही. काट्यावर पुठ्ठा चढला. दुकानदाराने तोंडाने सांगितले, "एकोणीस." चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी पुढे सारली. आई एरवी ती चिठ्ठी न बघता कनवटीला लावायची. आठवड्याचा हिशोब एकदम होई आणि तो चिठ्ठ्यांवरून होई. त्या दिवशी तिने चिठ्ठी हातात धरली आणि उभीच राहिली. मग काउंटरवर ठेवून तिच्यावर बोट टेकवले.

"शेठ, ह्यो नऊ न्हाई. सहा हाय. नवाचं डोकं वर असतंय."

दुकानात माल घेऊन आलेल्या सात-आठ बायका होत्या. सगळ्या थांबल्या. दुकानदार हसला, "लिहिताना चुकलं असंल, मावशी," म्हणाला आणि खोडून एकोणीस केले. तीन किलो पुठ्ठ्याचे ते पैसे. त्यात आमचे घर बांधले गेले नसते. पण बाहेर आल्यावर त्यातल्या तीन बायकांनी आपापल्या चिठ्ठ्या आईपुढे धरल्या. रस्त्याच्या कडेला उभी राहून आईने त्या वाचल्या. एक बरोबर होती, दोन नव्हत्या. आईचा चेहरा मला आजही आठवतो. आनंदाचा नव्हता तो. मागच्या किती वर्षांच्या चिठ्ठ्या आपण न वाचता दिल्या, याचा ती हिशोब करत होती.

त्यानंतर तिन्हीसांजेला आमच्या घरी बायका येऊ लागल्या. निमित्त गेमचे. एक डाव खेळायचा आणि दोन चिठ्ठ्या वाचून घ्यायच्या. दादाने आकड्यांचे आणखी चार पुठ्ठे काढले.

पुण्यात त्याआधी दोन वर्षे, १९९३ साली, डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली होती. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातून काम करणाऱ्या कार्यकर्त्या वस्त्यांमध्ये येऊन साक्षरतेचे वर्ग घेत. आई सभासद झाली होती, मोर्चाला जायची, पण वर्गाला बसत नसे. "ह्या वयात ग म भ न काय करू?" आता ती गेली. आकडे आले होते, तेव्हा अक्षरेही येतील, एवढा भरवसा वाटला असावा. अक्षरे सोपी गेली नाहीत हे मात्र खरे. जोडाक्षरे तिला त्या दोन जावांसारखीच वाटायची. सही यायला लागली आणि वर्तमानपत्राचे मथळे कष्टाने वाचता येऊ लागले. त्यापुढे ती गेली नाही. पुढे पंचायतीची, महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे बायकांना मिळाली, तेव्हा तिने अंगठ्याच्या जागी सही केली. संघटनेने स्वतःची भंगाराची दुकानेही चालवली. तिथल्या काट्यापुढे आई उभी राहायची तेव्हा तिला बोट टेकवावे लागत नव्हते.

तो डबा २००१ साली बंद पडला. दादाने बरीच खटपट केली, पण आतली चिप काळ्या डांबराच्या थेंबाखाली गाडलेली होती. तिथे डाग देता येत नाही. नकली यंत्राचा तो दोष. ॲडॉप्टर चांगला होता, तो पुढे बरीच वर्षे रेडिओला चालला.

खेळाबद्दल एवढे चांगले लिहिले म्हणून वाचकांनी असे समजू नये की हातात मोबाईल घेऊन बसलेले प्रत्येक पोर शिकतेच आहे. आमच्या गल्लीतला एक मुलगा, कुरिअरचे काम करणारा, घरातला कर्ता. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायला लागला. आधी पगार, मग उसनवारी, मग आईचे डोरले. सिगालोवादातले सहाही तोटे आम्ही त्या एका घरात डोळ्यांनी पाहिले. ठरलेली सोयरीकसुद्धा मोडली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या घराला तो उशिरा आला. माझी आई त्याच्या आईला भेटायला गेली होती. परत आल्यावर मला म्हणाली, "आमच्या डब्यात पैसं टाकायला भोकच नव्हतं बघ."

दोन वर्षांपूर्वी मी तिला आणखी एक गोष्ट वाचून दाखवली होती. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला विलिस गिब्सन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२३ मध्ये निन्टेंडोच्या त्याच जुन्या यंत्रावर टेट्रिस खेळत होता. २९ व्या पातळीनंतर ठोकळे इतक्या वेगाने पडतात की माणसाला पुढे जाताच येणार नाही, असे वर्षानुवर्षे मानले जात होते. पण नव्या पोरांनी बटण दाबायची पद्धतच बदलली: एक बोट बटणावर टेकवून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे रिमोटच्या पाठीवर वाजवायची. हा मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत गेला, दीड हजारावर ओळी उडवल्या आणि शेवटी यंत्रच गोठले. माणूस हरण्याऐवजी यंत्र हरले, असे त्या आवृत्तीत पहिल्यांदाच घडले. लागले किती? साधारण ३८ मिनिटे.

"अडतीस मिन्टं!" आई म्हणाली. "आन् मधी त्याला कुणी पाण्याला हाक न्हाई मारली?"

त्या मुलाचे वडील त्याच महिन्यात वारले होते आणि विक्रम त्याने त्यांना अर्पण केला, हेही मी वाचले. आई त्यावर काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पाठीवर वाजवायचं व्हय. ते आपल्याला सुचलं न्हाई."

आता तिचे वय सत्तर झाले. पोते सुटून बरीच वर्षे झाली, गुडघे राहिले नाहीत. दादाच्या मुलीने तिला मोबाईलवर टेट्रिस लावून दिला आहे. नात इंजिनिअरिंगला आहे आणि आजीपुढे तिचे काही चालत नाही. नव्या खेळात ठोकळा खाली कुठे बसेल त्याची सावली आधीच दिसते, पुढचे तीन-चार ठोकळेही दिसतात, नको असलेला तुकडा बाजूला काढून ठेवता येतो. काठीची वाट आता आईसुद्धा बघते. एक पट्टा मोकळा ठेवून ऐटीत थांबते. पण ती सावली तिला सहन होत नाही.

"सगळं त्योच दाखवतोय, मग मी काय करू?" परवा ती नातीवर खेकसली. "ही बंद करायचं बटण कुठाय त्यात?"

नात अजून शोधते आहे.